तुरुंगाबाहेरची गाडी

“पोचलो,” उपेंद्र म्हणाला, हँडब्रेक ओढला आणि मान वळवली, तर शेजारच्या सीटवर कुणीच नव्हतं. पट्टा जागच्या जागी लोंबत होता. सीटच्या फटीत वृंदाची केसांची क्लिप अडकली होती. क्षणभर त्याला वाटलं, ती नेहमीसारखी उतरून गेली, दाराचा आवाज तेवढा आपल्याला आला नाही. मग आठवलं. वृंदा नागपूरला होती. बुधवारी तिच्या वडिलांना हार्ट अटॅक आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच तिला विमानतळावर सोडलं होतं. बॅग उतरवून दिली होती, औषधं घेतलीस का म्हणून विचारलंही होतं. तरीही आज शनिवार म्हणून तो उठला, आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, डून लेरीच्या घरातून गाडी काढली, बोगद्यातून डब्लिन शहराच्या उत्तरेला आला आणि तुरुंगाच्या भिंतीसमोर, चेस्टनटच्या झाडाखाली, नेहमीच्या जागी गाडी लावून मोकळा झाला. वाटेत एकदाही त्याच्या मनात आलं नाही की आपण कुणाला सोडायला चाललो आहोत. अर्धं आयुष्य औषधांच्या कारखान्यात काढलेला माणूस हा. तिथे एक गोळी फुटकी निघाली तरी ती का फुटली याचं मूळ कारण सापडेपर्यंत हा घरी जात नसे, हाताखालच्या पोरांनाही जाऊ देत नसे. आणि आज स्वतःच एवढी गाडी हाकत आला ती कशासाठी, हे विचारायचंही त्याला सुचलं नव्हतं.

त्यांचा मुलगा अद्वय आत होता. मागच्या हिवाळ्यापासून आत होता आणि अजून पुढचे दोन हिवाळे आत असणार होता. दर शनिवारी वृंदा त्याला भेटायला जायची, आणि दर शनिवारी उपेंद्र तिला इथे आणायचा आणि गाडीत बसून राहायचा. आत तो एकदाही गेला नव्हता. भेटीची वेळ ठरवताना वृंदा मात्र दरवेळी दोघांची नावं द्यायची. “असू दे, नाव दिल्यानं काय बिघडतं,” एवढंच म्हणायची आणि पर्स उचलून चालू लागायची. परत आली की पट्टा लावून समोर बघत बसायची. बोगदा संपेपर्यंत बोलायची नाही. मग हळूहळू, गाडीतल्या रेडिओला सांगावं तसं सांगायची. बारीक झालाय. लायब्ररीत काम मिळालंय. दाढी वाढवलीय, तुझ्या बाबांसारखा दिसायला लागलाय. एकदा म्हणाली, “तो दरवेळी विचारतो, बाबा आलेत का. मी सांगते, गाडीत आहेत.” त्यावर उपेंद्रनं इंडिकेटर दिला आणि लेन बदलली. गरज काहीच नव्हती, रस्ता मोकळा होता. काल फोन आला तेव्हा ती आयसीयूच्या बाहेर उभी होती, मागे कुणीतरी मराठीत स्ट्रेचरला वाट मागत होतं. “त्याला कळवता आलं नाही रे,” ती म्हणाली. “तिथून फोन येतो, इथून करता येत नाही. त्याचा आला तेव्हा मी विमानात. उद्या तो तयार होऊन बसेल.” ‘तू जा’ असं ती म्हणाली असती तर उपेंद्रला नाही म्हणता आलं असतं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला कुठे अडवायचं आणि कुठे मोकळं सोडायचं हे ती पुरतं शिकली होती.

काचेवर बारीक पाऊस बसत होता, पडत नव्हता, नुसता येऊन बसत होता. उपेंद्रनं वायपर चालू केले नाहीत. तुरुंगाची भिंत धूसर झाली तेवढीच बरी वाटली. या सीटवर बसून त्यानं त्या भिंतीचा दगड अन् दगड पाठ केला होता. ही तीच गाडी, वृंदाची, छोटी. दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी घरासमोर याच गाडीचं दार उघडून तो अद्वयला म्हणाला होता, “गाडीत बस.” त्याची स्वतःची मोठी गाडी पलीकडे उभी होती. तिचा डावीकडचा दिवा फुटला होता, बॉनेट चेपलं होतं, आणि आरशाच्या खाचेत पिवळ्या कापडाचा एक तुकडा अडकला होता, सायकलवाले अंधारात अंगावर घालतात त्या चमकणाऱ्या जाकिटाचा. घरात अद्वय कपड्यांनिशी झोपला होता. मित्राकडच्या पार्टीतून पहाटे आला होता. प्यायला होता. उपेंद्रनं त्याला उठवलं, बाहेर आणलं, बोट दाखवलं. पोरगं थरथरत म्हणालं, “फॉक्स होता, बाबा. आय थिंक इट वॉज अ फॉक्स.” डब्लिनमध्ये कोल्हे असतात. रात्री बागांतून हिंडतात, रस्त्यात आडवे येतात, हे खरंच आहे. उपेंद्र त्या पिवळ्या तुकड्याकडे बघत होता. ‘गाडीत बस’ म्हणाला आणि त्यानं मुलाला थेट गार्डा स्टेशनवर, इथल्या पोलीस ठाण्यावर, नेऊन उभं केलं. समुद्राकाठच्या रस्त्यावर गाडीखाली आलेला डेक्लन नावाचा माणूस तोपर्यंत दवाखान्यात वारला होता. बेकरीत कामाला होता, पहिल्या पाळीला निघाला होता. वेळेवर मदत मिळाली असती तर वाचला असता का, हे कोर्टात डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. वकील कोल्ह्याबद्दल बोलला, जज्जांनी मान हलवली, पहिल्या रांगेत डेक्लनची बायको हातमोजे काढून पुन्हा घालत राहिली. स्वतःच्या पोराला स्वतः पोलिसांत नेलं म्हणून इथल्या मराठी मंडळींत उपेंद्रचं नाव झालं. त्यांच्यातला संकेत तर गणपतीच्या आरतीनंतर त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, “हॅट्स ऑफ, उपेंद्र. आमच्याच्यानं झालं नसतं.” उपेंद्रनं प्रसादाचा द्रोण पुढे केला. ‘गाडीत बस’ हे आपलं मुलाशी शेवटचं बोलणं, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. केस वर्षभर चालली, पोरगं जामिनावर घरातच होतं, आणि एका छपराखाली वर्षभर उपेंद्र वृंदाला सांगत होता, “त्याला सांग, सोमवारी वकिलाकडे जायचंय.” तो समोर उभा असताना.

यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण अबोला हा त्यांच्या घराण्याचा जुना कुळाचार. नागपूरला धरमपेठेत वाढलेल्या उपेंद्रला बापाचा मार असा माहीतच नव्हता. “आमच्यात कुणी मुलांवर हात उचलत नाही,” असं आई शेजारणींना अभिमानानं सांगायची, आणि ते खरं होतं. शेजारच्या घरांतून पट्ट्याचे आवाज यायचे, किंकाळ्या यायच्या, यांच्याकडे नुसतं शांत व्हायचं. सातवीत त्यानं गणिताचे मार्क खोटे सांगितले होते. वडिलांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी तो घरात नव्हता. रागाचा एक शब्द नाही. ताट वाढलेलं, फी भरलेली, शर्टाला बटण लावलेलं. पण त्याच्यावरून नजर अशी सरकून जाई की भिंतीवरचं कॅलेंडर बरं. सगळा उन्हाळा तसा गेला. खिडकीत कुलर घरघरत होता आणि त्या घरघरीत बसून बारा वर्षांचा उपेंद्र आपण आहोत की नाही याची खात्री करायला स्वतःच्या दंडाला चिमटे काढी. एका दुपारी वडील पेपरातून मान वर न करता म्हणाले, “कुलरमध्ये पाणी टाक.” तो उठला, बादली भरली, निम्मी अंगावर सांडली, आणि कुलरच्या मागे उभा राहून ढसाढसा रडला. ते रडणं सुखाचं होतं. पुढे कॉलेजात, नोकरीत, परदेशात त्यानं ही गोष्ट हसत हसत कितीदा तरी सांगितली. अद्वयलाही सांगितली होती. लहानपणी तो मुद्दाम ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा, आणि शेवटी विचारायचा, “बट व्हाय डिड ही नॉट जस्ट टॉक?” बोलायचं नाही म्हणजे बोलायचं नाही. त्याला कारण लागतं हे त्याला माहीतच नव्हतं.

त्याच्या स्वतःच्या अबोल्याला मात्र कारण एक होतं, आणि ते या गाडीत त्याच्याबरोबर दर शनिवारी बसत असे. बोललो तर विचारावं लागेल. विचारलं तर कळेल. कोल्हा होता की नव्हता.

काचेवर टकटक झाली आणि उपेंद्र इतका दचकला की त्याचा हात हॉर्नवर पडला. बाहेर एक उंच, सडसडीत म्हातारी उभी होती, अंगावर निळं रेनकोट जाकीट, हातात छत्री, पण मिटलेली. त्यानं काच खाली केली. “आज मिसेस नाहीत बरोबर,” ती म्हणाली. हे विचारणं नव्हतं. “मी ऑड्री. समोरच्या सेंटरमध्ये चहा करते. भेटीला येणारी माणसं थांबतात ना, तिथे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची गाडी दिसते. इतक्या दिवसांत आम्ही तिला ‘आमची गाडी’च म्हणायला लागलोय. चला, चहा घ्या.” नको, मी ठीक आहे, असं उपेंद्र म्हणाला. इथल्या पद्धतीप्रमाणे ‘ग्रँड, ग्रँड’ असं दोनदा म्हणाला. म्हातारी हलली नाही. पावसात उभी राहिली. ती आग्रहही करीना आणि जाईनाही, आणि कुणा वयस्कर बाईला पावसात उभं ठेवून आपण गाडीत बसायचं, हे काही धरमपेठेच्या संस्कारात बसत नव्हतं. तो उतरला. ती चालता चालता म्हणाली, “इतके महिने मी का आले नाही असं वाटलं असेल तुम्हाला.” त्याला तसं काही वाटलं नव्हतं. “आम्ही क्वेकर आहोत, ख्रिश्चनांतला एक छोटा पंथ, फ्रेंड्स म्हणतात आम्हाला. आमच्यात आतून ढकललं जाईपर्यंत उठायचं नाही असा रिवाज आहे. आज शेजारची सीट रिकामी दिसली आणि उठावंसं वाटलं. फार संथ कारभार असतो हा. माझा नवरा म्हणायचा, भिंतीला कुठला कागद लावायचा हे तू ठरवेपर्यंत मी मरेन. मेलासुद्धा.”

क्वेकर म्हटल्यावर उपेंद्रला ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला आठवला आणि तसं त्याच्या तोंडून निघूनही गेलं. “त्या डब्याचा आणि आमचा काही संबंध नाही,” ऑड्री म्हणाली. हे तिनं जन्मभरात हजारदा सांगितलं असावं. आत चांगलाच गलबला होता. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर दोन पोरं भांडत होती, एक तरुण आई बाळाला बाटली पाजता पाजता फोनवर कुणाला तरी शिव्या घालत होती, एक म्हातारा कोट-टाय घालून लग्नाला आल्यासारखा ताठ बसला होता. उपेंद्र दारातच थबकला. इतके शनिवार त्याला ही इमारत नुसती इमारत वाटली होती. वृंदा दर आठवड्याला या माणसांत बसते, कुणाच्या तरी पोराचं नाक पुसते, हे त्याच्या गावीही नव्हतं. “कप त्या वरच्या प्रेसमध्ये आहेत,” ऑड्रीनं भिंतीतल्या कपाटाकडे हात केला. “काढता? माझा हात पुरत नाही.” तिचा हात सहज पुरला असता.

खिडकीशी बसून दोघं चहा प्यायले. तिथून त्याची गाडी खरंच दिसत होती. फार लहान दिसत होती. ऑड्री वॉटरफर्डकडची, जनावरांची डॉक्टर म्हणून निवृत्त झालेली, आणि तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी तुरुंगात जात आलेलं. “आधी कैदी म्हणून,” ती म्हणाली. “आमचे पहिले लोक कुणासमोर टोपी काढत नसत आणि कोर्टात शपथ घेत नसत. शपथ घेतली की एरवी आपण खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यावरून सडले बिचारे इथल्या कोठड्यांत. त्यामुळे तुरुंग आतून कसा असतो हे आमच्या लोकांना ठाऊक होतं, आणि सुटल्यावरही ते विसरले नाहीत.” मग तिनं त्यांच्यातल्याच काही बायकांचं सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून, चिखलातून घोडागाड्या काढत, या देशातला एकेक तुरुंग बघत गेलेल्या. कुजक्या पेंढ्यावर कैदी बायका पोरांसकट पडलेल्या असत. पहारेकरी सांगत, आत जाऊ नका, फाडून खातील. या आत जात. करड्या झग्यांनिशी त्या घाणीत बसत, आणि एखादं मूल उचलून मांडीवर घेत. उपेंद्र ऐकत होता. त्याला त्या बायका दिसत होत्या. उपदेश करायला तोंड उघडण्याआधी त्या खाली बसल्या, हे त्याला राहून राहून दिसत होतं. कुणीही सांगितलेलं नसताना, आपलं माणूस आत नसताना, एवढ्या लांबून यायचं आणि नुसतं जाऊन जवळ बसायचं. हातातला कप त्यानं हळूच खाली ठेवला.

“आणि मग आमच्यातल्याच भल्या माणसांनी घोडचूक केली,” ऑड्री म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. “अमेरिकेत. तुम्हाआम्हाहून भली माणसं हं ती. म्हणाली, फटके नकोत, बेड्या नकोत, फासावर लटकवणं नको. मग गुन्हेगाराला द्यायचं काय? तर आपल्याजवळची सगळ्यात मोलाची वस्तू द्यायची. शांतता. आम्ही रविवारी जमतो तेव्हा गप्प बसतो. भजन नाही, प्रवचन नाही. आमचा सगळा धर्म तेवढाच. त्या शांततेत माणसाला आतला उजेड दिसतो, हा आमचा अनुभव. तर तोच त्यांनाही मिळू दे. म्हणून एकेका कैद्याला एकेक खोली. वर आढ्यात झरोका, आकाश दिसावं म्हणून. कुणाशी बोलायचं नाही, कुणाचा चेहरा बघायचा नाही. बाहेर काढलंच तर डोक्यावरून तोंड झाकणारं फडकं. पहारेकऱ्यांच्या बुटांना मोजे, पावलं वाजू नयेत म्हणून. सगळं प्रेमानं केलेलं. लोक लांबून लांबून ते बघायला येत, आणि मग ते सगळीकडे गेलं, समुद्र ओलांडून इथेही आलं. या देशातले कितीतरी जुने तुरुंग त्याच विचारानं बांधलेत.”

“मग?” उपेंद्रनं विचारलं. आपला आवाज आपल्याच कानाला परका लागला.

“माणसं वेडी झाली,” ती म्हणाली. “भिंतींशी बोलायला लागली. काहींनी तर आपण आहोत की नाही हे बघायला स्वतःला ओरबाडून घेतलं.”

उपेंद्रचा हात आपोआप दुसऱ्या दंडावर गेला. स्वेटरच्या आत, तिथे, जिथे चिमटे काढायचा. कुलरची घरघर त्याला इतकी स्पष्ट ऐकू आली की त्यानं मान वळवून पाहिलं. चहाचं पाणी उकळत होतं. त्याला आई आठवली, शेजारणीला अभिमानानं सांगणारी. वडील आठवले, चष्मा पुसणारे. वाईट नव्हता तो माणूस. आयुष्यात कुणाला अरे म्हणाला नाही. आणि डून लेरीच्या घरातलं ते वर्ष आठवलं. जेवायच्या टेबलावर तीन ताटं, अद्वय वरणाचा डाव उचलून विचारायचा, “बाबा, डू यू वॉन्ट सम?” आणि याची नजर त्याच्यावरून सरकून भिंतीवर जायची. पोरगं डाव तसाच हवेत धरून उभं राहायचं. आपण त्याला जज्जांच्या आधी, जज्जांहून मोठी शिक्षा देऊन ठेवली होती. आणि ती देताना आपल्याला केवढं सभ्य वाटत होतं.

“पण चूक नेमकी कुठे झाली?” तो म्हणाला. कारखान्यात विचारायचा तसंच विचारलं त्यानं, टेबलावर पुढे झुकून. “हेतू चांगला. शांतता चांगली. मग मूळ कारण काय?”

ऑड्रीनं लगेच उत्तर दिलं नाही. तिच्या लोकांची सवयच ती. पलीकडे घसरगुंडीवरून कुणीतरी पडलं, भोकाड पसरलं, उचललं गेलं, गप्प झालं. “आम्ही गप्प बसतो ते गोल करून,” ती शेवटी म्हणाली. “शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो. पोट गुरगुरलेलं ऐकू येतं. कुणी रडत असलं तर कळतं. त्यांनी शांतता दिली आणि शेजारी काढून घेतला. एवढी एकच वस्तू राहिली बघा. आणि इतक्या शहाण्या माणसांच्या ते ध्यानात आलं नाही.” तिनं बशीतलं बिस्किट त्याच्यापुढे सरकवलं. “म्हणून आताशा आम्ही फार मोठं काही करायला जात नाही. चहा करतो.”

त्यानंतर ती बोलली नाही, आणि तोही बोलला नाही. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. एवढ्या गलबल्यात ती शेजारी नुसती बसून होती, हात मांडीवर, आणि तिच्या श्वासाला वयामुळे बारीकशी शीळ होती ती त्याला ऐकू येत होती. अबोल्यात तर तो जन्मला, वाढला, त्यातला तज्ज्ञच म्हणायचा. पण हे काहीतरी निराळंच होतं. यात कुणीही त्याला घराबाहेर काढलेलं नव्हतं. छातीत गोठून बसलेलं काहीतरी कडांनी सुटायला लागलं, आणि त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीत एक विलक्षण आदरही होता, देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा वडिलांचं बोट सोडून उभं राहावं तसा. काउंटरवरच्या माणसानं यादी वाचली, “व्हिजिट फॉर ॲडवे?” म्हणजे अद्वय; त्यांना ते नाव नीट घेता येत नव्हतं. उपेंद्र उठला. आपण उठलो हे उठून उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं. ऑड्रीनं वर बघितलं, हसली नाही, शाबासही म्हणाली नाही. “छत्री न्या,” एवढंच म्हणाली.

पासपोर्ट दाखवला, पट्टा काढला, किल्ल्या आणि फोन खणात ठेवले, कुत्रं येऊन बुटांना हुंगून गेलं. एकामागून एक दारं उघडत आणि मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नसे. कारखान्यात जंतुरहित खोलीत जाताना असंच असतं. तिथे बाहेरची घाण आत जाऊ नये म्हणून. इथे कुठली घाण कुठे जाऊ नये म्हणून आहे, हे त्याला ठरवता येईना. भेटीच्या खोलीत छोटी टेबलं, जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या. आणि भिंतीकडच्या टेबलाशी त्याचे वडील बसले होते. तसं एक क्षण वाटलं खरं. ती दाढी, ते पुढे आलेले खांदे. अद्वय दाराकडे बघत होता, पण आईच्या उंचीवर बघत होता. मग त्याची नजर वर आली. पोराचा चेहरा आनंदानं फुलावा की घाबरून जावा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकला. “इज मॉम ओके?” त्यानं विचारलं. उपेंद्रनं होय म्हणून मान हलवली. बसला. आजोबांचं सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. दोन वर्षांचा गंज होता. आजूबाजूच्या टेबलांवर माणसं घाईघाईनं बोलत होती, मिळालेल्या अर्ध्या तासात आठवडा कोंबत होती, आणि यांच्या टेबलावर काही नव्हतं. अद्वय खाली बघत, समजुतीच्या सुरात म्हणाला, “इट्स ग्रँड, बाबा. यू डोन्ट हॅव टू टॉक.” वीस वर्षांच्या पोराचा तो समजूतदारपणा ऐकून उपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण त्यानं नजर सरकू दिली नाही. आज पहिल्यांदा तो मुलाकडे बघत राहिला. नखं कुरतडलेली होती. भुवईपाशी एक नवी खूण होती. श्वास आत जाताना किंचित अडत होता, लहानपणी दम्यानं अडायचा तसा, आणि उपेंद्र तो श्वास ऐकत राहिला. अद्वयनं एकदा चोरून वर पाहिलं. बाप अजून बघतोच आहे. पुन्हा पाहिलं. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. “पाणी आणू का तुला?” उपेंद्र म्हणाला. कोपऱ्यात पाण्याचं मशीन होतं आणि कैद्यांना खुर्चीवरून उठायची परवानगी नव्हती. अद्वय त्याच्याकडे बघतच राहिला. ती कुलरची गोष्ट त्याला नक्की आठवली असणार, कारण त्याची हनुवटी एकदम थरथरायला लागली. उपेंद्रनं कागदी पेला भरून आणला, त्याच्यापुढे ठेवला, बसला. पुन्हा दोघं गप्प झाले. आणि या गप्प बसण्यात, कुणीही काहीही विचारलेलं नसताना, अद्वय बोलला. आधी इंग्रजीत, पेल्याकडे बघत. “इट वॉझन्ट अ फॉक्स.” मग मान वर करून, ज्या मराठीत त्यानं बापाला कधी उत्तर दिलं नव्हतं त्या मराठीत, एकेक शब्द शोधून काढत.

“मला माहीत होतं, बाबा. माणूस होता. मी आरशात बघितलं. तो हात हलवत होता. मी थांबलो नाही.”

खोलीतले सगळे आवाज चालू होते. कुणीतरी मोठ्यानं हसलंसुद्धा. ज्या एका वाक्याला घाबरून उपेंद्र दोन वर्षं तोंड मिटून बसला होता ते वाक्य आता टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी पडलं होतं. कुणी ते सांगायला भाग पाडलं नव्हतं, शपथ नव्हती, जज्ज नव्हता. ते भयंकर होतं. डेक्लनचा हात त्याला दिसला, पिवळ्या बाहीतला, आणि तो आता मरेपर्यंत दिसत राहणार हेही त्याला कळलं. आणि तरी त्या भयंकराच्या तळाशी त्याला जे वाटलं ते आश्चर्यच होतं. हे पोरगं त्या हलणाऱ्या हातासमोर रोज एकटं बसत होतं. आपल्याला गाडीतून उतरायचं धैर्य नव्हतं, आणि हा आत तेवढ्याशा खोलीत, शेजारी कुणी नसताना, ते घेऊन बसला होता आणि वेडा झाला नव्हता. खोटं सोडून द्यायला बाप येईपर्यंत थांबला होता. चूक आहे, माफ करता येणार नाही अशी आहे, असं उपेंद्रचं मन सांगत होतं, आणि त्याच मनाला पोरासमोर हात जोडावेसे वाटत होते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. याचं मूळ कारण शोधायला तो गेला नाही.

“टाइम, फोक्स,” गार्ड म्हणाला. खुर्च्यांवरची माणसं उठायला लागली. अद्वय घाईनं, पुन्हा आपल्या इंग्रजीत, म्हणाला की आता ऐकल्यावर बाबा आले नाहीत तरी चालेल, त्याला समजेल, तो आईलाही स्वतःच सांगेल. बाप काय म्हणतो हे ऐकायची त्याला इतकी भीती होती की तो थांबतच नव्हता. उपेंद्रनं टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या हातावर ठेवला. हात थंडगार होता, घामानं ओला होता. लहानपणी शाळेत सोडताना धरायचा तोच.

“पुढच्या शनिवारी येतो,” तो म्हणाला. “काय बोलायचं ते मला माहीत नाही. गप्प बसेन कदाचित. पण इथे बसेन. गाडीत नाही.”